वायरिंगची तपासणी : पैसे नेमके कशाचे?

गिझर सुरू असताना नळाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, ही तक्रार पावसाळ्याच्या तोंडावर अनेक घरांत ऐकू येते. मग कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एखादा वायरमन बोलावला जातो. तो प्लगच्या छिद्रात टेस्टर घालून दिवा लागल्याचे दाखवितो, गिझरची वायर उलटसुलट करून पाहतो आणि 'अर्थिंग वीक आहे' असे सांगून दोन-तीनशे रुपये घेऊन निघून जातो. झिणझिण्या काही दिवस थांबतात. घरातल्यांच्या मते तपासणी झालेली असते. प्रत्यक्षात त्या घरातील एकाही वायरचे मोजमाप झालेले नसते.

घरगुती वायरिंगची रीतसर सुरक्षा तपासणी ही आपल्याकडे अद्याप अनोळखी सेवा आहे. पाण्याची टाकी धुण्याचा, झुरळांच्या औषधफवारणीचा किंवा एसीच्या सर्व्हिसिंगचा दर साधारण काय असतो हे गृहिणीलाही ठाऊक असते. वायरिंगच्या तपासणीचे तसे नाही. एकाच दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी एक जण 'बघण्याचे पैसे घेत नाही' म्हणतो, दुसरा पाचशे सांगतो आणि तिसरा चार हजारांचे अंदाजपत्रक पाठवितो. ग्राहक गोंधळतो आणि बहुधा पहिल्याला होकार देतो. तिघेही एकच काम करणार आहेत, या समजुतीवर ही निवड झालेली असते आणि चूक तेथेच होते.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने मरण पावलेल्यांची संख्या बारा हजारांहून अधिक होती. यात शेतातील पंप, रस्त्यावरचे खांब, तुटलेल्या तारा असे सर्वच प्रकार येतात; पण ओल्या हाताने दाबलेले बटण आणि बाथरूममधला गिझरही त्यात आहे. विजेमुळे लागणाऱ्या आगी निराळ्याच. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बालके दगावली, त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. 'फायर ऑडिट', 'इलेक्ट्रिकल ऑडिट' हे शब्द सामान्यांच्या कानावर पडले. घरापर्यंत मात्र ते क्वचितच पोहोचले.

<b>मीटरच्या पुढे कोण?</b>

महावितरण असो, बेस्ट असो किंवा मुंबईत वीज पुरविणाऱ्या खासगी कंपन्या असोत, वीजपुरवठादाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे मीटरपाशी संपते. मीटरमधून निघालेली मुख्य वायर, घरातील मेन स्विच, डीबी म्हणजे एमसीबींचा डबा, भिंतीतील पाइप, बटणे आणि प्लग हे सारे ग्राहकाचे. त्यात दोष निघाला तर तो दुरुस्त करून घेणे ग्राहकाकडेच येते. वीज गेली की कंपनीला दूरध्वनी करण्याची सवय असलेल्या अनेकांना ही सीमारेषा ठाऊक नसते.

कायद्याने या बाबीचा विचार केला नव्हता, असे म्हणता येत नाही. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत, वीजजोड मिळालेल्या प्रत्येक मांडणीची तपासणी व चाचणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने व्हावी, अशी तरतूद होती. ही तपासणी विद्युत निरीक्षकाने किंवा राज्य शासन सांगेल त्याप्रमाणे वीजपुरवठादाराने करावयाची होती. असा कोणी तपासनीस दर पाच वर्षांनी दाराशी आल्याचे किती कुटुंबांना आठवते, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. विद्युत अधिनियम २००३ आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. मधल्या दुरुस्त्यांत ठरावीक दाबापर्यंतच्या मांडणीची तपासणी करून ती सुरक्षित असल्याचे स्वतःच प्रमाणित करण्याची वाट मालकासाठी मोकळी झाली. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींसारख्या ठिकाणी निरीक्षकाची भूमिका राहिली. चाळीतल्या खोलीत किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती जवळजवळ नाहीच.

नवा वीजजोड घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा 'टेस्ट रिपोर्ट' अर्जासोबत द्यावा लागतो. घराच्या आयुष्यातील ही बहुधा पहिली आणि शेवटची तपासणी. तीही कित्येकदा कागदोपत्रीच होते, हे बांधकाम क्षेत्रात उघड गुपित आहे. घर न पाहता सही आणि शिक्का मिळतो आणि त्याचा 'रेट' ठरलेला असतो. ग्राहकाच्या मनात तपासणी म्हणजे शिक्का आणि शिक्क्याचे काही शे रुपये, हे समीकरण तेथूनच पक्के होते. पुढे कोणी खऱ्या तपासणीचे दोन हजार सांगितले की ते लूट वाटू लागते.

इमारतीच्या इतर तपासण्यांशी तुलना केली की हा खड्डा अधिक स्पष्ट दिसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करावयाचे असते. आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. त्याच इमारतीच्या फ्लॅटमधील चाळीस वर्षांच्या वायरिंगकडे मात्र कोणी विचारणा करीत नाही.

<b>टेस्टरने काय कळते, काय कळत नाही</b>

टेस्टरचा दिवा लागला म्हणजे त्या ठिकाणी फेज आहे, एवढेच सिद्ध होते. अर्थिंग आहे की नाही, वायरच्या वरचे आवरण शाबूत आहे की नाही, दोष निर्माण झाल्यास वीज किती वेळात बंद होईल, यातील एकाही प्रश्नाचे उत्तर तो दिवा देत नाही.

रीतसर तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा वीज बंद करून. मेन स्विच उतरवून टीव्ही, फ्रिज, संगणक, वायफायचा डबा यांसारखी सर्व उपकरणे प्लगमधून काढली जातात आणि मेगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाने वायरींवर पाचशे व्होल्टचा दाब देऊन आवरणाचा रोध मोजला जातो. तो किमान एक मेगओम असावा, हा दंडक १९५६च्या नियमांपासून चालत आलेला आहे. उपकरणे काढली नाहीत तर आकडा चुकीचा येतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स जळण्याचाही धोका असतो. याच टप्प्यात अर्थची वायर प्रत्येक प्लगपर्यंत अखंड पोहोचते का, हे पाहिले जाते. दुसरा टप्पा वीज सुरू करून: फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का, बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, अर्थचा मार्ग पुरेसा चांगला आहे का आणि आरसीसीबी ठरलेल्या वेळात तुटतो का.

या आरसीसीबीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ग्राहक आणि तंत्रज्ञ यांच्यातील निम्मी भांडणे त्याच्यावरून होतात. एमसीबी हा वायरचा रक्षक आहे. भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले की तो पडतो. माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो, त्यामुळे धक्का बसत असताना एमसीबी स्वस्थ राहतो. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. फरक तीस मिलिअँपिअरपर्यंत गेला की तो सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत वीज तोडतो आणि फरक पाचपट असेल तर चाळीस सहस्रांश सेकंदात. जुन्या नियमांत पाच किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या घरांना या संरक्षणातून सूट होती. परिणामी त्या काळात बांधलेल्या बहुसंख्य लहान घरांत हे उपकरण कधी बसलेच नाही.

जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट आढळते. पूर्वी अर्थिंगसाठी पाण्याच्या लोखंडी नळाचा आधार घेण्याची पद्धत होती. पुढे सोसायटीने प्लंबिंग बदलले, लोखंडाच्या जागी प्लास्टिकचे पाइप आले आणि त्या दिवशी अनेक घरांचे अर्थिंग कोणाच्याही नकळत नाहीसे झाले. तीन पिनांचा प्लग तसाच दिसतो, वरच्या मोठ्या छिद्रात हिरवी वायरही असते. ती जमिनीपर्यंत पोहोचत नाही इतकेच. नळाला झिणझिण्या येणे ही अशा घरात अपघाताची पूर्वसूचना असते. मोजल्याशिवाय हा दोष कोणालाही दिसत नाही आणि मोजणे याच कामाचे पैसे असतात.

<b>दराचे गणित</b>

दोन बेडरूमच्या फ्लॅटची वर सांगितल्याप्रमाणे तपासणी करावयाची तर एक पर्यवेक्षक आणि एक मदतनीस यांना तीन-साडेतीन तास लागतात. अहवाल लिहिण्यास आणखी तासभर. मुंबई-ठाण्यात किंवा पुण्यात एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ धरला तर दिवसाकाठी दोनच घरे होतात. उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. पर्यवेक्षकाचा रोज १,५०० रुपये, मदतनीसाचा ८००, प्रवास ३००, उपकरणांची झीज व त्यांची वार्षिक अचूकता-चाचणी यांचा दिवसाचा वाटा २०० आणि परवाना, कार्यालय, दूरध्वनी आदींचा ४०० असे धरले तर दिवसाचा खर्च ३,२०० रुपये होतो. दोन घरांत विभागला तर घरटी १,६००. त्यावर पंचवीस टक्के नफा धरला की २,००० आणि १८ टक्के जीएसटी लावला की २,३६० रुपये.

हे आकडे गावानुसार आणि माणसानुसार बदलतील. त्यांतून निघणारे तत्त्व मात्र बदलत नाही. दोन-तीनशे रुपयांत, त्यातही फुकट, हे काम होऊच शकत नाही. जो फुकट करतो, तो एकतर तपासणी करीत नाही किंवा तिचे पैसे दुसरीकडून वसूल करतो.

हिशेबातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे फुकट गेलेली फेरी. ठरलेल्या वेळी ग्राहक घरी नसला, किंवा 'आज पाहुणे आहेत, मेन बंद करू नका' असे दारातच सांगितले गेले, तर त्या दिवशी एकच घर होते. सारा ३,२०० रुपयांचा भार त्या एका घरावर पडतो आणि त्याच नफ्याने व कराने दर ४,७२० रुपयांवर जातो. व्यावसायिक हा तोटा पुढच्या ग्राहकांत वाटून टाकतात. वेळ पाळणारा ग्राहक न पाळणाऱ्याचे पैसे भरतो, असा त्याचा अर्थ. म्हणूनच काही ठेकेदार आता भेट ठरवितानाच थोडी रक्कम आगाऊ घेतात. ग्राहकाला ते अपमानास्पद वाटते, पण मागणी गैरवाजवी म्हणता येत नाही.

दर आकारण्याच्या पद्धती प्रामुख्याने तीन. एक म्हणजे वायरिंगच्या कामात रूढ असलेला 'पॉईंट'चा दर. दिवा, पंखा, प्लग यांची मोजदाद करून प्रत्येकी अमुक रुपये. नव्या वायरिंगला ही पद्धत योग्य आहे. तपासणीला नाही, कारण वेळ पॉईंटवर अवलंबून नसून सर्किटांच्या संख्येवर आणि वायरिंगच्या अवस्थेवर अवलंबून असतो. दुसरी, घराच्या आकारानुसार ठोक दर. ही ग्राहकाला समजण्यास सोपी, फक्त त्यात काय येते आणि काय येत नाही हे लिहून घ्यावे लागते. तिसरी, 'व्हिजिट चार्ज' अधिक ताशी दर. प्रामाणिक माणसाकडून ती सर्वांत न्याय्य ठरते. अप्रामाणिक माणसाच्या हाती पडली तर घड्याळ फारच सावकाश चालते.

जीएसटीवरूनही वाद होतात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेल तर त्याला नोंदणी बंधनकारक नसते आणि नोंदणी नसलेल्याला हा कर आकारता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसताना १८ टक्के लावलेले असतील तर ग्राहकाने ते देण्याचे कारण नाही. उलट, नोंदणीकृत ठेकेदार 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हणाला तर उद्या दोष निघाल्यास दाद मागण्यासाठी हातात पुरावा राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

<b>तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच</b>

या व्यवसायातील खरी अडचण दराच्या आकड्यात नसून येथे आहे. तपासणी करणाराच दुरुस्तीचे काम घेणार असेल तर दोष जितके अधिक, तितका त्याचा फायदा. 'फुकट तपासणी'नंतर सगळे वायरिंग बदलावे लागेल, असा निष्कर्ष बहुतेक वेळा का निघतो, याचे उत्तर त्यात आहे. घाबरलेल्या ग्राहकाला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना, काळवंडलेला एक प्लग दाखवून साठ-सत्तर हजारांचे काम गळ्यात मारणे अवघड नसते. याची दुसरी बाजूही आहे. खरोखरच वायरिंग बदलण्याच्या अवस्थेला आलेल्या घरात प्रामाणिक तंत्रज्ञाने तसे सांगितले तरी 'धंदा करतोय' असाच शिक्का त्याच्यावर बसतो. रबराचे आवरण असलेल्या जुन्या वायरी, लाकडी पट्टीवरचे वायरिंग, अॅल्युमिनियमच्या तारा, किटकॅट फ्यूजमध्ये घातलेली जाड तार, असे असलेल्या घरात पूर्ण बदलाचा सल्ला बहुधा योग्यच असतो.

मोजमापाचे लेखी आकडे हाच या संशयावर उतारा आहे. 'वायर खराब आहे' या वाक्याची पडताळणी होऊ शकत नाही. 'स्वयंपाकघराचे सर्किट, आवरणाचा रोध ०.२ मेगओम, अपेक्षित किमान १' असे लिहिले असेल तर दुसऱ्या कोणाकडूनही ते पुन्हा मोजून घेता येते. अहवालात दोषांची प्रतवारीही हवी: जे आजच बंद केले पाहिजे ते, जे महिन्याभरात दुरुस्त व्हावे ते आणि जे पुढच्या रंगकामाच्या वेळी केले तरी चालेल ते. इंग्लंडमध्ये घरगुती अहवालांत अशीच प्रतवारी असते. तेथे २०२० च्या नियमांनी भाड्याच्या घरांसाठी पाच वर्षांनी तपासणी सक्तीची केली आणि त्यानंतर स्वस्तातल्या, न पाहताच भरलेल्या अहवालांची तक्रार तेथेही सुरू झाली. सक्ती आली म्हणजे तपासणी खरी होते असे नव्हे, हे आपल्याकडच्या 'टेस्ट रिपोर्ट'च्या अनुभवाशी जुळणारेच आहे.

शक्य असेल तेथे तपासणी एकाकडून आणि दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेणे श्रेयस्कर. लहान गावांत ते जमत नाही. दोन परवानाधारक असले तरी ते एकमेकांचे मेहुणे असतात. अशा वेळी निदान तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत आणि ते दुरुस्तीच्या बिलातून वजा करून घेण्याचा मोह टाळावा. वजावट मिळाली की दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घेण्याचे अलिखित बंधन येते.

<b>'तुम्ही येण्यापूर्वी सगळे ठीक होते'</b>

तपासणीनंतर आरसीसीबी बसविला जातो. दीड ते तीन हजारांच्या घरातले हे उपकरण. संध्याकाळी एकदम वीज जाते. पुन्हा चालू करावे तर पुन्हा जाते. ग्राहक चिडतो, ठेकेदाराला दूरध्वनी जातो आणि वरचे वाक्य ऐकविले जाते.

बहुतेक वेळा उपकरण आपले काम चोख करीत असते. गिझरच्या कॉइलमध्ये मुरलेला ओलावा, गॅलरीतील पावसात भिजलेला प्लग यांतून आजवर गळत असलेला प्रवाह त्याला आता दिसू लागलेला असतो. दुसरे नेहमीचे कारण न्यूट्रलचे. एका खोलीची फेज एका सर्किटवरून आणि न्यूट्रल दुसऱ्यावरून घेण्याची घाई जुन्या कामांत सर्रास दिसते. इन्व्हर्टर बसविताना त्याचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलला कोठेही जोडून दिलेला असतो. अशा घरात जाणारा आणि परतणारा प्रवाह एका मार्गाने जातच नाही. उपकरण त्याला गळती समजून वीज तोडते. हा गुंता सोडविण्यास कधी कधी पूर्ण दिवस लागतो. त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर आधी बोलणे झालेले नसते. ग्राहकाच्या लेखी तो ठेकेदाराचा घोळ, ठेकेदाराच्या लेखी तो वीस वर्षांपूर्वीच्या वायरमनचा. मग तडजोड म्हणून आरसीसीबी काढून ठेवला जातो किंवा त्याला वळसा घालून वायर जोडली जाते. डबा दिसायला नवा राहतो आणि संरक्षण शून्य होते. घरोघरच्या तपासण्यांचा असा शेवट होणे ही या विषयातील सर्वांत खेदाची बाब म्हणावी लागेल.

जाणते व्यावसायिक म्हणूनच आरसीसीबी बसविण्यापूर्वी प्रत्येक सर्किटची गळती मोजतात आणि न्यूट्रल शोधण्याचे काम अंदाजपत्रकात वेगळे दाखवितात. त्यांचा आकडा इतरांपेक्षा मोठा दिसतो तो त्यामुळे.

ग्राहकांच्या बाजूनेही काही गोष्टी अपेक्षित असतात. वायरिंगचा नकाशा जवळजवळ कोणाकडेच नसतो. फर्निचर करताना प्लगवर कपाट ठोकलेले असते, फॉल्स सीलिंगच्या वर जोड कोठे आहेत हे सुतारालाही आठवत नाही. तपासनीसाने कपाट हलविणे, छत उघडणे त्याच्या कामात येत नाही. जेथे हात पोहोचला नाही ती जागा त्याने अहवालात नोंदवावी, एवढे मात्र मागता येते. वीज दोन तास बंद राहणार हे गृहीत धरून फ्रिजमधील औषधे, घरून चालणारे कार्यालयीन काम, रुग्णाच्या उशाशी असलेले ऑक्सिजनचे यंत्र यांची व्यवस्था आधी लावणे हे घरच्यांचे काम. दिवसही विचारपूर्वक निवडावा. एप्रिल-मेमध्ये तंत्रज्ञांना तुलनेने उसंत असते. पहिला पाऊस पडला की सर्वांनाच वायरमन हवा असतो आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात मखराच्या रोषणाईपुढे तपासणीला कोणी उभे राहत नाही.

<b>सोसायटीत मिळून</b>

चाळीस फ्लॅटच्या इमारतीने एकत्र काम दिले तर प्रवास वाचतो, मीटर रूम आणि अर्थिंगचा खड्डा एकदाच तपासावा लागतो. दिवसाला चार घरे झाली तरी वरच्याच हिशेबाने घरटी दर नफा आणि करासह १,१८० रुपयांपर्यंत उतरतो, म्हणजे निम्मा. तरीही सर्वसाधारण सभेत हा विषय बहुधा अडतो. ज्याने नुकतेच नूतनीकरण केले तो पैसे देण्यास तयार नसतो, ज्याचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे तो उत्तर देत नाही आणि ज्याने मंजूर भारापेक्षा अधिक एसी लावलेले असतात त्याला कोणी आत यायला नको असते. चाळीसपैकी दहा-बारा दारे बंद राहिली की ठेकेदाराचे गणित बिघडते आणि पुढच्या इमारतीला तो सवलतीचा दर देत नाही. काही संस्था यावर तोडगा म्हणून मीटर रूम, जिन्यातील उभ्या वायरी, पंप आणि अर्थिंग यांची तपासणी संस्थेच्या निधीतून करतात आणि घरातली तपासणी ऐच्छिक ठेवतात. सामाईक अर्थिंगच सुस्थितीत नसेल तर आतल्या आरसीसीबीवरच सारी मदार राहते, हे पाहता हा क्रम योग्य वाटतो.

भाड्याच्या घरात पैसे कोणी द्यायचे, हा निराळाच पेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार, उलट करार नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' करारांत मात्र विजेच्या किरकोळ दुरुस्त्या राहणाऱ्याने कराव्यात, असे कलम छापील मजकुरातच असते. बल्ब, बटण ही किरकोळ दुरुस्ती. गेलेले अर्थिंग किरकोळ नव्हे. करार करतानाच तपासणीचा अहवाल मागितला तर अनामत रकमेच्या बोलण्यात तो विषय मिटू शकतो. राहायला आल्यावर मागितला तर मालक 'आजवर कोणाला शॉक बसला नाही' असे सांगतो.

<b>कोणाला बोलवावे?</b>

दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची अदलाबदल वगळता घरातील वायरिंगमध्ये भर, बदल किंवा दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच आणि सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी, ही अट १९५६ पासूनच्या सर्व नियमांत आहे. राज्यात ठेकेदारांना अनुज्ञाप्ती, पर्यवेक्षकांना प्रमाणपत्र आणि तारतंत्रींना परवाना देण्याची व्यवस्था आहे. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेले अनेक जण हाताने उत्तम काम करतात. तरी अहवालावर सही कोणाची आणि तिच्या खालचा क्रमांक वैध आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. मेगर आणि आरसीसीबी तपासण्याचे यंत्र बरोबर आणणार का, हा दुसरा प्रश्न. फोनवरच हे दोन प्रश्न विचारले की बरेच जण स्वतःहून बाजूला होतात.

काम झाल्यावर सर्किटवार आकड्यांचा सही केलेला अहवाल आणि रीतसर पावती या दोन गोष्टी हातात असल्या पाहिजेत. सेवेत कसूर झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. दोन्हीकडे पहिली विचारणा पावतीची होते. आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे एक छोटे बटण असते. ते दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायला काही खर्च येत नाही. दाबूनही दिवे लागलेलेच राहिले तर त्याच दिवशी ठेकेदाराला बोलवावे.